चित्रकथाकारांचा अज्ञातवास

२०१८ सालच्या जुलै महिन्यांत वसई-विरारकडे जो पाऊस झाला, तो येथील लोक अद्याप विसरले नाहींत. नालासोपाऱ्याजवळ लोहमार्ग पाण्याखालीं गेला, गाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या, आणि तळमजल्यावरच्या कित्येक बिऱ्हाडांत गुडघाभर पाणी शिरलें. पाणी ओसरल्यावर आम्ही वसईस एका स्नेह्यांच्या घरीं समाचारास गेलों. गृहस्थ पेन्शनर, सारा जन्म हिशेबखात्यांत काढलेले, स्वभावानें मितभाषी. त्यांच्या ओसरीवर जें दृश्य आम्हीं पाहिलें, तेंच या लेखाचें निमित्त होय. कपडे वाळत घालण्याच्या दोरीवर जुन्या 'इंद्रजाल' चित्रकथांचीं पुस्तकें चिमटे लावून ओळीनें टांगलेलीं होतीं. गाद्या, धान्याचे डबे, लांकडी सामान सारें अंगणांत तसेंच पडलेलें, आणि हे गृहस्थ एकेका पानामध्यें टीपकागद घालण्यांत गढून गेलेले.

"बघा हो भावोजी," वहिनी म्हणाल्या, "तांदूळ सडले तरी चालतील, पण यांचा वेताळ आधीं वाळला पाहिजे!"

आम्ही हंसलों. स्नेही मात्र हंसले नाहींत. ते म्हणाले, "आंतली गोष्ट गेली तर तिचें मला दुःख नाहीं. ती अमेरिकेंतली, कोठें तरी पुन्हां छापून मिळेल. मुखपृष्ठ आपल्याकडचें आहे. तें गेलें कीं गेलें." मग एका ओल्या मुखपृष्ठाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून त्यांनीं एक लहानशी सही दाखविली. 'बी. गोविंद.' "या माणसाचीं चित्रें मी लहानपणापासून पाहत आलों. पण हा दिसायला कसा, राहायला कोठें, त्याला आपल्यासारखीं वेडीं माणसें कधीं भेटलीं कीं नाहीं, यांतलें मला अजून कांहींही ठाऊक नाहीं."

चित्रकथा हा विषय गंभीर निबंधास योग्य नाहीं, असें म्हणणारे वाचक पुष्कळ असतील. पूर्वीं आमचेंही मत फारसें निराळें नव्हतें. चित्रांची पुस्तकें वाचून मुलांची वाचनाची संवय बिघडते, असें आमच्या घरींही बोललें जाई. आणि तरीसुद्धां रेल्वेच्या पुस्तकविक्रेत्याकडे नवा अंक दिसला कीं तो घरीं येईच. ज्या वस्तूला घरांत मान नाहीं आणि जिच्यावांचून घराला करमत नाहीं, त्या वस्तूच्या कर्त्याचें नांव कोणी विचारीत नाहीं. या न विचारण्याचाच हा इतिहास आहे.

'इंद्रजाल कॉमिक्स' ही माला मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया संस्थेनें १९६४ च्या मार्चमध्यें सुरू केली व ती १९९० पर्यंत चालली. प्रथम मासिक, पुढें पाक्षिक, शेवटीं साप्ताहिक अशी तिची गति वाढत गेली आणि सुमारें ८०० अंक निघाले. इंग्रजी, हिंदी व इतर भाषांबरोबर मराठींतही ती निघत असे. तिचा मुख्य नायक अमेरिकन. ली फॉक नांवाच्या लेखकानें १७ फेब्रुवारी १९३६ रोजीं वृत्तपत्रांतून ज्याला प्रथम जगापुढें आणलें, तो मुखवटेधारी 'फँटम'. मराठींत त्याचें नांव ठेवण्यांत आलें 'वेताळ'. हें नांव ज्यानें सुचविलें त्या भाषांतरकाराला आम्ही मनापासून दाद देतों. कोंकणांत आणि गोमंतकांत वेताळ हा ग्रामदैवत आहे. तो भुतांचा राजा खरा, पण गांवाचा राखणदारही. कवटीच्या गुहेंत राहणारा आणि रानांतल्या माणसांचें रक्षण करणारा हा परका नायक त्या एका नांवामुळें आमच्या मुलांना शेंदूर फांसलेल्या धोंड्याइतका ओळखीचा झाला. मात्र हें नामकरण करणारा माणूस कोण, हें अंकावर छापलेलें नसे.

परदेशच्या कथा घेतांना त्यांत फेरफारही होत. मूळ कथेंतील 'सिंग' नांवाचे समुद्री चांचे येथें 'सिंगा' झाले. पहिल्या वेताळाच्या पित्याचा मारेकरी 'रामा', तो 'रामालू' झाला. वेताळाच्या देशाचें नांव बदलून 'डेंकाली' करण्यांत आलें. येथील वाचकांचीं मनें दुखावूं नयेत, हा हेतु उघड दिसतो. वृत्तपत्रांतील आडव्या पट्ट्या पुस्तकाच्या उभ्या पानावर बसवावयाच्या म्हणजे चौकटी कापणें, वाढविणें, पुन्हां जुळविणें हेंही ओघानेंच आलें. हें काम हातानें, ब्रशानें आणि डिंकानें चाले. तें करणाऱ्यांचीं नांवें कोठेंही नोंदलेलीं आम्हांस आढळलीं नाहींत.

मुखपृष्ठ हा या कामाचा मुकुट. तीं बहुतेक येथेंच रंगविलीं जात, आणि पुष्कळ वर्षें तीं गोविंद ब्राह्मणिया यांनीं रंगविलीं. तेच आमच्या स्नेह्यांच्या सहींतले 'बी. गोविंद'. आंतल्या चित्रांत रेषेचें राज्य, तर मुखपृष्ठावर रंगाचें. वाघावर झेंप घेणारा वेताळ, मागें जांभळट काळोख, आणि कोपऱ्यांत भयानें उघडलेलें एखादें तोंड. आंतील कथा वाचून झाल्यावर कित्येकदां असें वाटे कीं मुखपृष्ठानें कबूल केलेली कथा याहून मोठी होती. ही तक्रार नव्हे. पुस्तक हातांत आल्यापासून उघडीपर्यंत जो एक क्षण जातो, तो गोविंद यांचा होता, आणि मुलाच्या आयुष्यांत असे क्षण फार थोडे असतात.

पुढें १९७६ च्या डिसेंबरांत याच मालेंत 'बहादूर' हा देशी नायक अवतरला. डाकूचा मुलगा, परंतु डाकूंविरुद्ध गांवकऱ्यांचें नागरिक सुरक्षा दल उभारणारा. अंगांत केशरी कुडता आणि खालीं जीनची विजार. चंबळच्या खोऱ्यांतला हा तरुण आबिद सुरती यांनीं निर्मिला व गोविंद यांनीं रेखाटला. सुरती हे स्वतः चित्रकार आणि लेखक. 'धर्मयुगां'तल्या त्यांच्या 'ढब्बूजी'ला हिंदी वाचक कधीं विसरणार नाहीं. वसईची खाडी ओलांडली कीं पलीकडे मीरा रोड. तेथें २००७ पासून त्यांनीं दर रविवारीं एक नळदुरुस्त्या बरोबर घेऊन घरोघरचे गळके नळ फुकट दुरुस्त करण्याचें व्रत आरंभिलें, आणि त्यामुळें त्यांचें नांव देशाबाहेरही गेलें. म्हणजे बहादूरला शब्द देणारा माणूस आम्हां खाडीकाठच्या लोकांना शेजाऱ्यासारखा ठाऊक झाला. त्याला चेहरा देणारा माणूस मात्र सहीच्या दोन शब्दांतच राहिला. एकाच पुस्तकाचे हे दोन कर्ते!

याच टाइम्स संस्थेंत तेव्हां अनंत पै होते, आणि इंद्रजालच्या उभारणींत त्यांचा हात होता. तेथून बाहेर पडून त्यांनीं इंडिया बुक हाऊसतर्फें 'अमर चित्र कथा' काढली. तिचें पहिलें खरें यश म्हणजे 'कृष्ण', आणि त्याचीं चित्रें राम वाईरकर यांचीं. आमच्या पिढीच्या कित्येक घरांत देवाची कल्पना देवघरांतल्या तसबिरीवरून जितकी आली, तितकीच वाईरकरांच्या त्या पुस्तकावरून आली असें म्हटलें तर तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं. याच हातानें १९८३ मध्यें 'टिंकल'मध्यें सुपंडी रेखाटला. टांचणीसारख्या डोक्याचा, सांगितलेलें शब्दशः करणारा नोकर. एकाच माणसानें परब्रह्म आणि ठोंब्या दोघांनाही सारख्याच आस्थेनें काढावें, याचें आम्हांस फार कौतुक वाटतें. वाईरकर २००३ मध्यें निवर्तले. त्यानंतर त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनीं सुपंडी पुढें चालविला.

प्रताप मुळीक पुण्याचे. त्यांनीं याच मालेसाठीं पुष्कळ पुराणपुरुष व इतिहासपुरुष रंगविले आणि पुढें हिंदींतल्या 'नागराज'लाही त्यांनींच रूप दिलें. वसंत हळबे हे मराठी दिवाळी अंकांचे विनोदी चित्रकार. शिकारी शंभूची टोपी त्यांची. ही टोपी इतकी खालीं ओढलेली कीं शंभूचे डोळे वाचकाला दिसत नाहींत. वेताळाच्याही मुखवट्यांतून बुबुळें दिसत नाहींत. ग्रीक पुतळ्यांच्या रित्या डोळ्यांवरून ती कल्पना सुचली, असें फॉक सांगत असे. एक भित्रा, एक निर्भय. दोघेही डोळे झांकलेले. अमर चित्र कथेनें आपल्या चित्रकारांचीं नांवें आंतल्या पानावर बारीक टाइपांत छापलीं, हें येथें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण मुलें बारीक टाइप वाचीत नाहींत आणि वडील माणसें तीं पुस्तकें वाचीत नसत. त्यामुळें छापलेलें नांवही झांकलेलेंच राहिलें.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या रामायण-महाभारताचे प्रसंग कागदावर रंगवून, एकेक पान पुढें धरून, वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीवर कथा गात आले. पान पालटलें कीं प्रसंग पालटतो. याहून निराळी चित्रकथा ती कोणती? तेथें गाणाऱ्याचें नांव गांव जाणतें, परंतु त्या जुन्या पोथ्यांतील चित्रें काढणारा हात कोणाचा, हें चित्रावर लिहिलेलें नसतें. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्यें पद्मश्री मिळाली, तेव्हां या कलेला प्रथमच एक नांव आणि एक चेहरा वर्तमानपत्रांतून दिसला. आमचा देश कलेला विसरला असें नाहीं. कलावंताला विचारावयाचें असतें, हेंच त्याला सुचलें नाहीं.

परंतु हा दोष केवळ आपलाच म्हणावा, तर तसेंही नाहीं. अमेरिकेंत डोनाल्ड बदकाच्या चित्रकथांवर वॉल्ट डिस्नी हें एकच नांव असे. तरीही तेथील मुलांनीं आपल्या आपण ताडलें कीं यांतल्या कांहीं कथा एका विशिष्ट हाताच्या आहेत आणि त्या बाकीच्यांपेक्षां चांगल्या आहेत. नांव ठाऊक नसल्यामुळें तीं त्याला 'बदकांचा चांगला चितारी' म्हणत. १९६० मध्यें एका वाचकाचें पत्र अखेर योग्य पत्त्यावर पोंचलें आणि कार्ल बार्क्स या साठीच्या उंबरठ्यावरील गृहस्थाला कळलें कीं आपल्याला चाहते आहेत! १९४२ पासून तो तें काम करीत होता. कंजूष धनाढ्य स्क्रूज काका १९४७ मध्यें त्यानेंच निर्माण केला होता. पहिलें पत्र आलें तेव्हां कोणी मित्र आपली थट्टा करीत आहे, असें त्याला वाटलें म्हणतात. सुदैवानें तो दीर्घायुषी निघाला. २००० मध्यें, वयाच्या ९९ व्या वर्षीं वारला, आणि मधलीं चाळीस वर्षें त्यानें लोकांचें प्रेम डोळ्यांनीं पाहिलें.

सुपरमॅनच्या दोघां कर्त्यांचें दैव इतकें चांगलें नव्हतें. १९३८ मध्यें १३० डॉलरांवर त्यांचे सर्व हक्क गेले, आणि कथेवर आपलीं नांवें पुन्हां छापून यावीं यासाठीं त्यांना १९७५ पर्यंत वाट पाहावी लागली.

याच्या अगदीं उलट उदाहरण स्टीव्ह डिट्को याचें. गंमत अशी कीं वसईंत पाणी शिरलें त्याच सुमारास त्याच्या मृत्यूची बातमी जगभर छापून आली. २९ जून २०१८ रोजीं न्यूयॉर्कमधील आपल्या खोलींत तो मृतावस्थेंत आढळला, वय ९० वर्षांचें. १९६२ मध्यें 'स्पायडरमॅन' या कोळीमानवाला रूप देणारा हा चित्रकार. १९६६ मध्यें, यश ऐन भरांत असतां, त्यानें ती प्रकाशनसंस्था सोडली. मुलाखत नाहीं, सभा नाहीं, छायाचित्रही नाहीं. 'माझें काम बोलेल, मीं बोलण्याचें कारण नाहीं,' अशी त्याची वृत्ति. पण खोलीच्या दारावर नांव असे, पत्त्यावर पत्र पाठविलें तर स्वहस्तें उत्तर येई, आणि म्हातारपणींही तो रोज चित्रें काढी. २००७ मध्यें बीबीसीच्या एका चित्रपटासाठीं दोन नामांकित चाहते त्याच्या दाराशीं गेले. त्यानें त्यांना आंत घेतलें, कांहीं पुस्तकें दिलीं, आणि चित्रण करूं देण्यास नकार दिला. चाहत्यांनीं येथवर जावें हें आम्हांस रुचलें नाहीं. परंतु नकार मिळाल्यावर त्यांनीं तो पाळला, याबद्दल त्यांना श्रेय दिलेंच पाहिजे.

आमच्या मतें या दोन अवस्थांचा घोटाळा करूं नये. डिट्कोचा तो एकांतवास होता. दार आंतून लावलेलें होतें, आणि कडी त्याच्या हातीं होती. गोविंद, वाईरकर, हळबे, भाषांतरकार आणि चौकटी जुळविणारे यांचा तो अज्ञातवास होता, आणि येथें कडी बाहेरून होती. पांडवांना अज्ञातवासाची निदान मुदत तरी ठाऊक होती. वर्ष संपलें, विराटाच्या गाई कौरवांनीं वळविल्या, आणि बृहन्नडेनें शमीवरचें गांडीव काढलें. आमच्या चित्रकारांसाठीं गोग्रहणाचा दिवस कोणीं नेमलेला नव्हता. वेताळाच्या कथेंत तर या स्थितीचें जणुं रूपकच आहे. बाप मेला कीं मुलगा तोच मुखवटा चढवितो, आणि रानांतले लोक समजतात कीं वेताळ अमर आहे. खुद्द त्या कथेच्या चित्रकारांचेंही तेंच झालें. रे मूर गेला, विल्सन मॅकॉय आला. १९६१ मध्यें तो वारल्यावर साय बॅरी आला व १९९४ पर्यंत राहिला. मुखवटा तोच असल्यामुळें वसईच्या मुलांना आंतला माणूस बदलल्याचें कळलें नाहीं. हें आम्ही स्वतःवरून सांगतों.

आणखी एक मौन येथें सांगितलें पाहिजे, कारण तें आमच्याच पालघर जिल्ह्यांतलें आहे. डहाणू तालुक्यांतील गंजाडजवळ जिव्या सोमा म्हसे राहत. लहानपणीं आई गेली तेव्हां या मुलाचें बोलणें थांबलें, आणि कित्येक वर्षें तो मातींत रेघा काढून मनांतलें सांगे, असें त्यांच्याविषयीं सांगतात. वारली घरांत लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सुवासिनींचा. पुरुषांनीं तें काम करावें अशी चाल नव्हती. म्हसे विधीवांचून, रोज, मनाला येईल तें रंगवूं लागले. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी या चित्रकारानें तीं चित्रें पाहिलीं व जगापुढें नेलीं. २०११ मध्यें म्हसे यांना पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजीं ते वारले. तेंही त्याच वर्षीं! ते बोलले नाहींत म्हणून अज्ञात राहिले नाहींत, कारण त्यांच्याकडे जाऊन पाहणारा एक माणूस वेळेवर भेटला. इंद्रजालच्या कचेरींत असा कोणी गेल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आम्हीही गेलों नाहीं. बोरीबंदरास उतरून, त्या इमारतीवरून, आम्ही वर्षानुवर्षें पायीं गेलों, आंत जाऊन "हीं मुखपृष्ठें कोण काढतो हो?" एवढें विचारावें, हें एकदांही मनांत आलें नाहीं.

आतां चाहते जागे झाले आहेत. जुने अंक रद्दीवाल्यांकडून मिळवून ते जपतात, त्यांच्या छायाप्रति करतात, कोणतें मुखपृष्ठ कोणाच्या हातचें याच्या याद्या करतात. सही नसेल तेथें वेताळाच्या मुठीवरून, घोड्याच्या मानेवरून, आकाशाच्या रंगावरून वाद घालतात. विद्वान लोक अजंठ्याच्या भिंतींविषयीं हेंच करतात, आणि त्याला संशोधन म्हणतात. या मंडळींत कांहीं दोषही आहेत. जुन्या अंकांच्या किंमती वाढल्यामुळें कित्येकांना पुस्तकापेक्षां त्याचा भावच अधिक आवडूं लागला आहे; आणि ज्या चित्रकाराच्या अंकाला आज मोठी रक्कम पडते, त्यांतला एक पैसाही त्याच्या घराकडे वळत नाहीं. शिवाय अंक जपले गेले तरी मूळ चित्र तें मूळ चित्र. तीं रंगीत पुठ्ठ्यांवरचीं मूळ मुखपृष्ठें ज्यांच्या हातीं होतीं, त्यांनीं तीं किती जपलीं असतील, याविषयीं आम्ही फारसे आशावादी नाहीं.

दोन आठवड्यांनीं आम्ही पुन्हां वसईस गेलों. तांदूळ टाकून द्यावे लागले होते. ट्रंक उन्हांत उघडी पडली होती, आणि वाळून लाटांसारखीं वांकलेलीं पुस्तकें जमिनीवर मांडून स्नेही त्यांचे ढीग करीत होते. एक सही असलेल्यांचा, दुसरा सही नाहीं पण हात ओळखूं येतो अशांचा, आणि तिसरा, ज्यांचा कोपरा पाण्यानें गेला त्यांचा. आम्ही चष्मा लावून खालीं बसलों आणि तिसऱ्या ढिगांतला पहिला अंक हातीं घेतला.

"तुम्हांला काय वाटतें?" त्यांनीं विचारलें. "घोड्याची मान बघा."